म्हशीच्या टाक्यातले सोनेरी मासे

पांढरकवडा,
बुधवार, दि. २१ डिसेंबर २००५

चौथीपर्यंतचा बेंचसोबती, वणीच्या कोळशाचा धनी, माझा सख्ख्याहून सख्खा दोस्त श्री. उकंडा यास,

मुख्तार फिटरचा सलाम, नमस्कार आणि गळाभेट, तिन्ही एकदम पोचोत. इकडे आम्ही सारे ठीक आहोत. तुझा खोकला कसा आहे? खदानीची धूळ आणि बिडी या दोघींपैकी एकीला तरी सोड, असं मी तुला दहा वर्षांपासून सांगून राह्यलो. धूळ सोडता येत नसेल तर दुसरीचा विचार कर. गुडघा काय म्हणतो? सायकलची चेन अजून उतरते का? (उतरत असेल तर चेनला शिव्या देऊ नको, मागचं चाक वाकडं आहे. मी ते गेल्या वर्षीच सांगितलं होतं आणि तू हसला होता.)

पत्र मुद्दाम शुद्ध भाषेत लिहितो आहे, कारण विषय शास्त्राचा आहे. मधूनच आपली बोली घुसली तर तिला बस म्हण, ती घरचीच आहे. तर विषय असा, की माशाचं पिल्लू कशाने वाढतं आणि कशाने वाढत नाही, हे आज अख्ख्या केळापूर तालुक्यात माझ्याइतकं कोणालाही कळत नाही. हे मी गर्वाने सांगत नाही. फिटर माणूस मोजून मापूनच बोलतो.

तुला ठाऊकच आहे, आमची कापसातून सरकी काढायची जिनिंग दोन हंगामांपासून बंद आहे. इकडचा कापूस गाड्या भरभरून आदिलाबादेकडे जातो, आणि इकडे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या घ्यायला पेपरवाल्यांच्या जीपगाड्या येतात. शेठ नागपूरला निघून गेला. जाताना चावी माझ्या हातात देऊन म्हणाला, मुख्तार, मशिनींवर लक्ष ठेव. ठेवतो. अठरा जिन आहेत, एकही फिरत नाही, तरी आठवड्यातून एकदा सगळ्यांना तेल पाजतो. बावीस वर्षं त्या आवाजात काम केलं, त्यामुळे घरातलं बोलणं मला कधी धड ऐकूच आलं नव्हतं. आता सगळं ऐकू येतं. (घरवालीचं, बिस्मिल्लाबीचं म्हणणं, ऐकू येऊनही फरक काही पडलेला नाही.) खरं सांगू का, सकाळी डबा घेऊन निघायचो ती वेळ झाली की हात आपोआप डब्याकडे जायचा. मग मी तो डबा उगाच उघडून, पुसून, परत ठेवायचो. असं काही महिने चाललं.

मे महिन्यात हायवेवर एक ट्रक बंद पडला. हैदराबादेकडून नागपूरला निघालेला, आत थर्माकोलचे डबे, डब्यांत पाण्याच्या फुगलेल्या पिशव्या आणि पिशव्यांत शोभेचे मासे. इंजिनचा पाण्याचा पंप गेला होता, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि ड्रायव्हर बिचारा कधी बॉनेटकडे पाहत होता तर कधी माशांकडे. मी जिनिंगच्या भंगारातून एक बेअरिंग काढलं, घासून बसवलं, तासाभरात गाडी चालू. ड्रायव्हरने खूश होऊन माझ्या हातात एक पिशवी ठेवली. दहा गोल्डफिश, लालभडक, शेपट्या लग्नातल्या ओढणीसारख्या. मी ती पिशवी छातीशी धरून घरी आलो तेव्हा बिस्मिल्लाबीने कढई चुलीवर ठेवली होती. गैरसमज दूर करायला मला बराच वेळ लागला.

मासे ठेवायचे कुठे? जिनिंगमध्ये आगीसाठी पाण्याचा मोठा हौद असतो, कारण कापसाला एक ठिणगी पुरते. आता आत कापूसच नाही तर पेटणार काय? हौद बेकार होता, मीही बेकार होतो, दोघांनाही काम मिळालं. जुलैत पाऊस पडल्यावर एका सकाळी पाहतो तर शेवाळाला साबुदाण्याहून बारीक, काचेसारखी अंडी चिकटलेली, आणि त्यांचेच आईबाप ती टिपून खाऊन राह्यले! मी अर्धी अंडी शेवाळासकट बादलीत काढली आणि दोनशे लिटरच्या सिमेंटच्या टाकीत सोडली. ही टाकी जिनिंगमधली, मशिनींचे पार्ट धुवायची, ती मी घरच्या अंगणात आणली होती. मी ती तीन दिवस घासली होती, डिझेलचा वाससुद्धा ठेवला नव्हता. चार-पाच दिवसांत पिल्लं निघाली. पिल्लं कसली, पापणीचा केस तुटून पाण्यात पडावा तशी. माझी कशफ (अकरावी सायन्स, माझ्यावर गेली आहे) तिने अंदाज केला, चारशे तरी असतील.

ही बातमी पूनमसिंगपर्यंत गेली. पूनमसिंग म्हणजे तोच, तांड्यावरचा, ज्याचे पूर्वी दोन ट्रक होते. त्याने हायवेवर मोठं हॉटेल बांधलं आहे. गल्ल्यामागे भिंतीत सहा फुटांची काचेची टाकी बसवली आहे, तसं हॉटेल त्याने हैदराबादला पाहिलं होतं. मला म्हणाला, "मुख्तारभाऊ, दहा डिसेंबरले उद्घाटन हाय. मले बोटाएवढे पन्नास लाल मासे पाह्यजे. तुमचे मासे जमले तर जनरेटर, पंप, माशाची टाकी, समदं तुमच्याकडं. दुसऱ्या दिवसापासून या." उकंडा, 'दुसऱ्या दिवसापासून या' हे शब्द मी दोन वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, बोटाएवढे म्हणजे कोणत्या बोटाएवढे ते फक्त सांगा.

याच सुमारास मारोती आला. मारोती आपला काटेवाला, जिनिंगच्या काट्यावर गाड्या मोजायचा. बावीस वर्षं आम्ही एकाच झाडाखाली डबा खाल्ला, पण जिनिंग बंद झाल्यापासून आमचं बोलणं कमी झालं होतं. भांडण काही नव्हतं. दोन रिकामी माणसं एकमेकांकडे पाहतात तेव्हा दोघांनाही आपलीच सुरत दिसते, म्हणून टाळायचो. तो टाकीत डोकावून म्हणाला, "यायले फोडणी कवा देतं?" मी रागावलो नाही. उलट दया आली, आणि पन्नास पिल्लं लोट्यात घालून त्याला दिली. त्याने ती घरी नेऊन म्हशीच्या पाण्याच्या टाक्यात ओतली. मी मनात म्हटलं, गेली बिचारी.

आता शास्त्र सुरू होतं. नीट वाच.

पहिली गोष्ट, खुराक. पिल्लाचं तोंड एवढं बारीक, की उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलच्या फडक्यातून पिळून धुक्यासारखा पाण्यात सोडावा लागतो. हे मी केलं. एका अंड्याने पिल्लं वाढत नाहीत म्हटल्यावर दोन केली. मग सातू, मग गव्हाचं पीठ, आणि ईदच्या शेवयांचा चुरा. (रोजे चालू होते. दिवसभर उपाशी बसून मी तीन-साडेतीनशे जणांना जेवताना पाहत होतो. याचं पुण्य वेगळं मिळालं पाहिजे.) पाणी दुधासारखं पांढरं झालं, वास सुटला, सकाळी पाच-सहा पिल्लं उलटी तरंगायची. पण मोठी काही होईनात. ऑगस्टमध्ये जिऱ्याएवढी होती, ऑक्टोबरात बडीशेपेएवढी झाली.

दुसरी गोष्ट, ऊब. गार पाण्यात मासा खातही नाही आणि वाढतही नाही, हे बरोबर आहे. म्हणून मी टाकीवर शंभरचा बल्ब टांगला. पण लोडशेडिंग तुझ्याकडे आहे तसंच इकडे. बल्ब तीन तास पेटायचा आणि नऊ तास विझायचा, म्हणजे पिल्लांना दिवसातून दोनदा उन्हाळा आणि दोनदा हिवाळा. मग मी पत्रा काळा रंगवून उन्हात असा तिरपा लावला की त्याची धग पाण्यावर यावी. बिस्मिल्लाबीची चादर वाळायची जागा त्यात गेली. त्या विषयावर जे झालं ते शास्त्राचा भाग नाही, म्हणून लिहीत नाही.

तिसरी गोष्ट, खानदान. इथे मला बापावर संशय आला. आईबाप लालभडक आणि पिल्लं काळपट, शेणाच्या पाण्यासारखी! मी हौदाजवळ बसून दहाही माशांचे चेहरे नीट पाहिले. कशफ म्हणाली, अब्बा, गोल्डफिशची पिल्लं लहानपणी काळीच असतात, वाढ झाली की रंग फिरतो. मी म्हटलं, हे मला माहीत होतं, मी तुझी परीक्षा घेत होतो.

चौथी गोष्ट, पाणी. याबाबत माझं मत पक्कं होतं, की पाणी बदलू नये. जुनं पाणी म्हणजे मुरलेलं लोणचं. पिल्लाला एकदा पाण्याची सवय झाली, मग कायले छेडायचं? म्हणून तीन महिने मी फक्त उडालेल्या पाण्याइतकं वरून भरत राहिलो. हे वाक्य लक्षात ठेव.

आठवडी बाजाराच्या दिवशी मी चहाच्या टपरीवर बसून लोकांना माशांविषयी समजावून सांगत होतो. मारोती आला, हातात पितळी लोटा. लोटा टेबलावर ठेवला. आत बोटाएवढा, लालबुंद, शेपूट पसरलेला मासा. टपरीवरचे सारे चहा सोडून पाहून राह्यले. मारोती म्हणाला, "मुख्तार, तुह्या घरचीच पोरगी हाय. वळखतं का?"

एकाच आईची, एकाच दिवशीची पिल्लं! माझी बडीशेप आणि याची बोटं! मी शांतपणे म्हणालो, म्हशीच्या टाक्यात बारकी पिल्लं म्हैस गिळत असेल, म्हणून उरली ती मोठी. हे म्हणणं मला तिथल्या तिथे सुचलं आणि मला ते आवडलंही. पण घरी जाताना दहा डिसेंबर डोळ्यांसमोर येत होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मारोती तहसीलीच्या कामाला गेला आहे हे पाहून, मी त्याच्या वाड्यात शिरलो. चोरी करायची नव्हती. निरीक्षण करायचं होतं. माझ्याजवळ गिअरचे दात मोजायची व्हर्नियर होती. मी टाक्याच्या काठावर वाकलो, एक हात कोपरापर्यंत पाण्यात, नाक पाण्याला टेकलेलं, आणि एक मासा व्हर्नियरच्या जबड्यात घ्यायचा प्रयत्न करत होतो. तेवढ्यात मागून गरम वारा आला. म्हैस होती. तिने माझी टोपी तोंडात धरली आणि शांतपणे चघळायला लागली. मी ओढतो, ती ओढते. आणि दारात नलूवहिनी, मारोतीची बायको, कमरेवर हात ठेवून उभी.

"मुख्तारभाऊ, पाणी प्याचं असंन तं घरात माठ हाय नं. टाक्यात काहून तोंड घातलं?"

उकंडा, खोटं बोलायला माणसाचं डोकं कोरडं असावं लागतं. मी खरं सांगितलं. ती हसली नाही. टोपी म्हशीच्या तोंडातून सोडवली, पिळून माझ्या हातात दिली. मी विचारलं, वहिनी, तुम्ही यांना खाऊ काय घालता?

"मी कायले खाऊ घालू? म्हशीलेच पुरत नाही."

मग ऊब?

"उनात टाकं हाय. ऊन लागते."

मग करता तरी काय?

"काही नाही करत. रोज सकाळी अर्धं पाणी काढतो, वांग्याले टाकतो, अन् विहिरीचं ताजं भरतो. हे म्हैस लय नखरेवाली हाय, शिळं पाणी पेतच नाही. तिच्यापायी करतो. तुमच्या मासोळ्याले तं मी अजून नीट पाह्यलंबी नाही."

मी घरी येऊन कशफला सांगितलं. ती म्हणाली, अब्बा, असं ऐकून चालत नाही, करून पाहावं लागतं. तिने तीन सारख्या बादल्या मागितल्या. (बिस्मिल्लाबीच्या होत्या.) पहिलीत दहा पिल्लं, रोज अर्धं पाणी बदलायचं. दुसरीत दहाच, पण पाणी बदलायचं नाही. तिसरीत साठ पिल्लं, पाणी मात्र रोज बदलायचं. खुराक डोक्यामागे सारखा, ऊन सारखं. मी व्हर्नियर पुढे केली. तिने ती मला परत केली, काचेच्या बशीखाली ग्राफपेपर ठेवला, बशीत पिल्लू सोडलं आणि चौकोन मोजले. दर रविवारी. तीन आठवड्यांत पहिल्या बादलीतली पिल्लं दुप्पट झाली आणि त्यांच्या पाठीवर तांबूस झाक आली. तिसरीतली थोडी वाढली, त्यांतली चार दांडगी होऊन बाकीच्यांचं खाणं हिसकू लागली. दुसरीतली होती तशीच राहिली.

म्हणजे पोट भरून खाऊनही पिल्लू वाढत नाही, जर ते आपल्याच घाणीच्या पाण्यात बसलं असेल. दाटी झाली की घाण लवकर होते, आणि दाटीत दांडगा मासा बारक्याला खाऊ देत नाही. म्हणून पाणी बदला, गर्दी मोडा, मोठ्यांना वेगळं करा. एवढंच शास्त्र आहे. मी चार महिने त्यांना वाढवत होतो असं मला वाटत होतं. मी त्यांना खाऊ घालून घालून थांबवत होतो.

शोध पूर्ण झाला तेव्हा डिसेंबरची एक तारीख होती. नऊ दिवसांत बडीशेपेची बोटं होत नाहीत, हे मीही मान्य केलं.

मी दोन दिवस मारोतीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्या दिवशी आत गेलो. तो बाजेवर बसून दोरी वळत होता. मी म्हशीच्या तब्येतीची चौकशी केली, वांग्यांची केली, दोरी कशाची आहे तेही विचारलं. शेवटी तोच म्हणाला, "मासे पाह्यजे नं तुले?"

मी म्हटलं, हो.

"तं घेऊन जा. तुहेच तं होते."

बस. एवढंच. ना अट, ना टोमणा. मी तयारी करून गेलो होतो भांडायची, त्याचे पाय धरायची, वेळ पडली तर म्हशीची माफी मागायची. यातलं काहीच लागलं नाही. नलूवहिनीने स्वतः गाळणीने मासे काढून दिले. टाक्यात अठ्ठेचाळीस होते. दोन खरंच म्हशीने गिळले असावेत, म्हणजे माझं म्हणणं पूर्णपणे चूक नव्हतं.

दहा तारखेला हॉटेलवर मंडप, झेंडूच्या माळा, तांड्यावरचे, गावातले, आपल्या मोहल्ल्यातले, शे-दीडशे माणसं. काचेत दिवा लावला आणि ते अठ्ठेचाळीस मासे असे फिरू लागले, की लहान पोरं आईचा हात सोडून काचेला नाक लावून उभी राहिली. पूनमसिंगने माईक घेतला. म्हणाला, "हे मासे बंद जिनिंगच्या हौदात आपल्या मुख्तारभाऊनं सोताच्या डोक्यानं वाढवले. माणूस असा पाह्यजे! उद्यापासून हे आपल्या हॉटेलचे फिटर." टाळ्या पडल्या. माझ्या हातात माईक आला.

मी बोलायला उठलो तेव्हा भाषण तयार होतं. 'खुराक, ऊब, खानदान' असं तीन भागांत. पण मंडपाच्या पार शेवटी, स्वयंपाकाच्या पातेल्यांजवळ, मारोती आणि नलूवहिनी उभी होती. ती दोघंही टाळ्या वाजवत होती. मनापासून. नलूवहिनी बाजूच्या बाईला बोट दाखवून काहीतरी सांगत होती, आणि मला दुरूनही कळलं की ती माझं नाव घेते आहे.

उकंडा, त्या टाळ्या माझ्याने सहन झाल्या नाहीत. शुद्ध भाषा तिथेच संपली. मी म्हणालो, "हे मासे माह्ये नाईत. माह्ये मासे बडीशेपेएवढे हायेत, घरी ठेवले. हे मारोती काटेवाल्याच्या घरी, म्हशीच्या टाक्यात, नलूवहिनीनं वाढवले. मले पाह्याचंबी समजलं नव्हतं. मी चोरून पाह्यले गेलतो तं म्हशीनं माही टोपी खाल्ली."

पहिल्यांदा मारोती हसला, मग सगळा मंडप. पूनमसिंग हसला नाही. धंद्याचा माणूस आहे. त्याने नलूवहिनीला पुढे बोलावलं. ती पदर सावरत आली. त्याने विचारलं, बाई, कसे वाढवले? ती माईकपासून लांबच उभी राहून म्हणाली, "पाणी बदललं."

लोक पुढचं ऐकायला थांबले. पुढचं काही नव्हतं.

पूनमसिंगने तिथेच जाहीर केलं, माशांची टाकी उद्यापासून नलूबाईंकडे. मी माईक ठेवून खाली उतरत होतो, तर तो माझा दंड धरून म्हणाला, "कुठं चालले? जनरेटर कोण पाह्यन? अन् बाईले रोज पाणी लागन, पंप तुमच्याकडं." तेव्हा दोस्ता, अकरा तारखेपासून मी कामाला जातो. सकाळी डबा भरून. पदाचं नाव अजून ठरलेलं नाही, मी 'तांत्रिक प्रमुख' सुचवलं आहे. तूर्त कामाचं स्वरूप असं, की नलूवहिनी आठ वाजता येते, पाण्यात बोट बुडवते आणि म्हणते, भाऊ, बादली. मी बादली देतो. मारोतीही येतो, कारण घरी एकटा कंटाळतो. दुपारी आम्ही हॉटेलमागच्या कडुलिंबाखाली डबा खातो.

कशफ, बिस्मिल्लाबी आणि मारोती-नलूवहिनीचा नमस्कार. म्हशीचा नाही, तिच्याशी माझं अजून जमलेलं नाही.

तुझा,
मुख्तार फिटर
(मत्स्यवाढ या विषयात शंका असल्यास विचारणे)

ता.क. १ – एक लहानसं काम आहे. गर्दी मोडायची म्हणून माझ्याकडची पिल्लं आम्ही वेगवेगळी केली, आणि ती आता वाढून राह्यली. रोज वाढतात. बादल्या, टब, पाणी तापवायचं भगोणं, फ्रिजचा भाजीचा ट्रे (फ्रिज बंद आहे), सगळीकडे मासे. परवा मेहमानांसमोर सरबताच्या जगमध्ये मासा निघाला. बिस्मिल्लाबीने सांगितलं आहे, "घर में ये रहेंगे या मैं रहूंगी," आणि ती गिनती करून बोलणारी बाई आहे. तेव्हा पुढच्या बुधवारी, म्हणजे २८ तारखेला, दहाच्या गाडीने कंडक्टरजवळ दुधाचं कॅन पाठवतो, आत पंचवीस मासे. वणी स्टँडवर उतरवून घे. तुझ्या अंगणात ते मोठं टाकं आहेच. नाही म्हणू नको, म्हटलं तरी ते पत्र बुधवारनंतरच पोचेल.

ता.क. २ – कशफने हे पत्र वाचलं. तिचं म्हणणं, बादल्यांचा प्रयोग 'आम्ही' केला असं मी तुला तोंडी सांगणार हे तिला माहीत आहे, तेव्हा लेखी कबूल करावं की मी पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या बादलीत गुपचूप शेवया टाकल्या होत्या आणि तिला प्रयोग पुन्हा सुरू करावा लागला होता. कबूल आहे. अब्बा लोकांनीही थोडं शिकायचं असतं.

ता.क. ३ – काका, मी कशफ. अब्बा चिकटवायला खळ आणायला गेलेत तोवर लिहिते. मासे घरात खूप झाले म्हणून पाठवतोय हे खरं नाही. जास्तीचे मासे शाळेत आणि दवाखान्यात कधीच देऊन झाले. कॅनमधले पंचवीस अब्बांनी दोन दिवस बसून एकेक निवडले आहेत, सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत लाल, जे ते स्वतःसाठी ठेवणार होते. काकू गेल्या तेव्हा अब्बा वणीला आले होते, पण तुमच्याशी एक शब्द बोलले नाहीत, तसेच परत आले. त्यानंतर त्यांनी तुम्हाला चार वेळा पत्र लिहायला घेतलं. चारही वेळा 'वहिनी' इथपर्यंत आले आणि कागद फाडला. पाचव्या वेळी माशांबद्दल लिहायला बसले तेव्हा थांबलेच नाहीत. तुमची आक्का सासरी, तुम्ही घरात एकटे. ते म्हणतात, सकाळी उठून कोणाचं तरी पाणी बदलायचं असलं की माणूस उठतो.

ता.क. ४ – पोरीने वर काय लिहिलं ते पाकीट चिकटवताना वाचलं. खोडणार होतो. राहू दिलं. कंडक्टरचं रद्द समज. गाडी मारेगावला थांबते तेव्हा कॅनमधलं पाणी बदलावं लागेल, ते काम त्याला जमणार नाही. कॅन घेऊन मीच येतो आहे. पूनमसिंगकडून दोन दिवसांची सुट्टी घेतली, जनरेटर मारोती पाहणार आहे. बोलायला सुचलं तर बोलू. नाही सुचलं तर टाक्याजवळ बसून मासे पाहू.